वायर कापली तेव्हा

हाडांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर चोराने वायर कापली आणि अलार्म गप्प झाला. माझ्या शेजारी एक बहीणभाऊ बसले होते.

"दादा, खरंच असं होतं?"

"छे. वायर कापली की तो बोंबलतोच. आम्ही बसवतोच तसा."

"बाबांना कोण सांगणार? असलंच बघून स्टुलावर चढले."

"आई कुणाला न सांगता अनवाणी बाहेर पडायची, म्हणून दाराला बसवला होता. आता तीच नाही. मला म्हणाले असते, तर काढला नसता का?"

"तू आईसाठी बसवलेला, काढ कसं म्हणू, म्हणाले. मी दार उघडलं तरी तो टुणटुण वाजायचा. बाबा आतून विचारायचे, 'अगं, कुठे निघालीस?' मी आहे म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवायचे."

"आणि शेवटी स्टुलावरून पडले."

"स्टुलावरून नाही रे. वायर कापल्यावर तो जो बोंबलायला लागला, तसे बाबा नीट खाली उतरले आणि बाहेर धावले. पडले ते जिन्यात."

"घाबरले असतील आवाजाला."

"मलाही तसंच वाटलं. मी उचलायला गेले, तर त्यांच्या हातात आईच्या चपला."