पायाळूची कंबर

तुमी हसा, पण मी या कमरेपायी जिवाला कटाळलोय. हैदराबादला डॉक्टरसाहेबांनी उर्दूत सांगितलं, कापावं लागंल. कापल्यावर चाललास तर चाललास, न्हाईतर कायमचा अंथरुणात. आन् मी पडलो पायाळू, पायाकडून जन्मलेला. आमच्या गावात, वालूरात, कुणाची कंबर धरली की लोक पालथे पडून माझा पाय लावून घेतात. तीस वर्षं समदे म्हणतात, "गेली बघा चमक." पण माझ्या कमरेला पाय लावायचा कुणी?

सोनपेठकडं एक म्हातारे पायाळू हायत असं कळलं. कापून घेण्यापरीस हे बरं म्हणून बैलगाडीत दोन दिवस पालथा पडून गेलो. बघतो तर म्हातारेच भिंत धरून उठायलेत. मीबी पायाळू म्हणल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

"देवानं धाडलं तुमाला. माझी दहा वर्षांपासून दुखायलीय. आधी मला लावा."

ते पालथे पडले. मी खांबाला धरून कण्हत तीनदा पाय लावला.

"गेली बघा चमक," म्हणत ते उठायला गेले आन् कळ येऊन तिथंच बसले.

"मग गेली कशाला म्हणलात?"

"तुमी एवढ्या तकलीफीनं पाय उचलला. माझ्याकडं येणारेबी तसंच म्हणतात की."

तीस वर्षांतली समदी माणसं माझ्या डोळ्यापुढं उभी राहिली. मग मी पालथा पडलो. म्हाताऱ्यांनी थरथरत पाय लावला आन् इचारलं, "काय फरक?"

कळ टाचेपतुर गेली होती.

म्हणलं, "गेली बघा."