फ्रिजबाहेरचा थर्मामीटर

साल आता नक्की आठवत नाही, चुकलो तर सांभाळून घ्या. भडगावकडच्या आमच्या आरोग्य केंद्राला परदेशी संस्थेनं लसीसाठी फ्रिज दिला होता. भर उन्हाळ्यात त्यांच्या मॅडम तपासणीला आल्या. वहीत रोजचं तापमान बेचाळीस!

"म्हणजे लस खराब. सगळ्या मुलांना पुन्हा टोचा."

नर्स सुमनअक्का माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर सांगेल होतं, दार घडीघडी उघडू नका. म्हणून थर्मामीटर बाहेर टांगला!"

मॅडम खूप हसल्या. मला मात्र घाम फुटला, कारण आतलं तापमान कुणालाच माहीत नव्हतं. लस तपासायला मुंबईला गेली, अन् निकाल यायच्या आधीच माझी धुळ्याला बदली झाली. ती मुलं मनातून जाईनात.

निवृत्तीनंतर धुळ्यातल्याच देवपुरात तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी भेटले. त्या लसीचं काय झालं, भीतभीत विचारलं.

"अहो, लस उत्तम निघाली होती! तुम्हाला कुणी कळवलंच नाही?"