चौकटीतलं गवत

आमच्या बोरीच्या माळावर गेल्या दिवाळीनंतर सरकारी पाहणीची एक मुलगी गवत बघायला आली होती, तेव्हाची गोष्ट सांगतो. उपग्रहाच्या फोटोत आमचं गायरान पिवळं दिसत होतं, म्हणून तिच्या कागदावर ते पडीक लागलं होतं.

मी विचारलं, "पडीक ऱ्हायलं तर काय व्हतंय, माय?"

"जमीन दुसऱ्या कामाला देऊ शकतात, आजोबा. म्हणून तर खात्री करायला आले."

मग जनावरं चारायला न्यायची कुठं?

तिनं गवतावर लोखंडी चौकट ठेवली. आतलं गवत कापून नमुना न्यायचा होता. ती विळा आणायला गाडीकडं गेली आणि तेवढ्यात माझ्या गाईनं चौकटीत तोंड घातलं.

"अहो आजोबा, नमुना खाल्ला की हिनं!"

"समदा न्हाई खाल्ला, माय. टोचणारी कुसळी तशीच हाय बघ. मारवेलाचं गोड गवत तेवढं निवडून खाल्लंय. पडीकात कुणी असं निवडून खातंय का?"

ती वाकून बराच वेळ उरलेले खुंट बघत राहिली. मग तिनं 'पडीक' खोडून 'चराऊ गवत' लिहिलं. तपासणाऱ्याच्या नावापाशी पेन थांबला.

"आजोबा, गाईचं नाव काय हो?"