भिंतीवरच्या सोनेरी सायकलीबाबत

मी खाली सही करणार. हाक मारायचं नाव भडक्या. पूर्ण नाव ओळखपत्राच्या नकलेवर आहे. वय बावीस. धंदा जुन्या रेसिंग सायकली उघडून, साफ करून पुन्हा रस्त्यावर आणणे. सध्या काम नाही. शिक्षण कॉलेज दुसऱ्या वर्षापर्यंत, पुढे सोडलं. राहणार मित्राच्या खोलीवर, गिरणीच्या मागच्या गल्लीत.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, हवालदार माझा जबाब घ्यायला बसले, पण मी भराभर बोलतो आणि मध्येच मागे जातो म्हणून ते वैतागले. "कॉलेजात गेला होतास ना? मग घे, तूच लिही," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणून हे अक्षर माझं आहे.

आज दुपारी मी मोठ्या रस्त्याने पायी चाललो होतो. कोपऱ्यावर कॉफीचं नवीन दुकान झालं आहे. बाहेरून काचेतून आतल्या भिंतीवर टांगलेली एक सायकल दिसली. तिला सगळीकडून सोनेरी रंग मारलेला होता. हँडलला कुंडी अडकवलेली होती आणि कुंडीत प्लास्टिकची वेल होती. चाकांना मात्र रंग नव्हता. चाकं बघून मी आत गेलो.

चाकांबद्दल सांगणं भाग आहे. सायकलच्या चाकात आरे एकमेकांना छेदून जातात. ते जिथे छेदतात तिथे बारीक तांब्याची तार गुंडाळून वर कथील वितळवून झाळायची, ही जुन्या शर्यतीच्या चाकांची पद्धत आहे. त्याने चाक ताठ राहतं. आता असं कोणी करत नाही, कारण त्यात दिवस जातो. माझ्या माहितीत हे करणारी एकच व्यक्ती आहे. ती मास्तरांची मुलगी.

मास्तर म्हणजे जुन्या सायकलींच्या वर्कशॉपचे मालक. मी कॉलेज सोडून त्यांच्याकडे राहिलो होतो. ते मला 'कॉलेजकुमार' म्हणायचे. "कॉलेजकुमार, पाना धरलाय की पेन?" असं दिवसातून कितीदा तरी. मी चिडलो की त्यांना आणखी चेव यायचा. तरुणपणी ते शर्यती खेळायचे. तेव्हाची त्यांची सायकल वर्कशॉपच्या मागच्या खोलीत गोणपाटाखाली होती. नळ्या इतक्या पातळ पोलादाच्या की फ्रेम दोन बोटांवर उचलावी. छातीचं दुखणं वाढलं आणि जिना चढणं बंद झालं, तेव्हा त्यांनी ती बाहेर काढायला सांगितली. म्हणाले, "उघडा हिला. मला एकदा बसायचंय."

फ्रेमचं काम माझ्याकडे होतं आणि चाकांचं तिच्याकडे. मास्तर खुर्चीत बसून दोघांना शिव्या द्यायचे. मी जुना रंग न खरवडता खालचा गंज तेवढा काढला. सीटमागचा पितळी जोड मऊ कापडाने पुसून उजळ केला. ती समोर बसून तार गुंडाळायची. मास्तर एकदा तिला म्हणाले, "कशाला एवढं? कोण बघणार आहे?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसा. चाक बघेल." हे ती बोलली तेव्हा तिच्या ओठात तारेचा तुकडा होता. हा तपशील गुन्ह्याशी संबंधित नाही, पण लिहून झाला आहे.

सायकल तयार झाली तेव्हा मास्तरांना खुर्चीतून उठता येत नव्हतं. आम्ही दोघांनी धरून त्यांना सीटवर बसवलं. एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. वर्कशॉपच्या दारापासून भिंतीपर्यंत ढकलत नेलं आणि परत आणलं. उतरल्यावर त्यांनी धाप शमू दिली आणि म्हणाले, "माझ्यामागे ही कॉलेजकुमारची. पण चालवायची. भिंतीला टांगून पूजा केलीस तर वरून पाना फेकून मारीन." हे बोलणं तिच्यासमोर झालं. ती हसली होती.

त्यानंतर काही दिवसांनी मास्तर वारले.

पुढे एके संध्याकाळी वर्कशॉपमध्ये आवराआवर करताना मी तिला एक प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर या प्रकरणाशी लागू नसल्याने इथे लिहीत नाही. मी त्याच पावली निघून गेलो. जाताना दार आपटलं, त्याची वरची काच तडकली, तीही भरून द्यायची राहिली आहे. मी परत वर्कशॉपवर गेलो नाही. आईवडिलांकडेही गेलो नाही, कारण कॉलेज सोडलं त्या दिवसापासून वडिलांशी बोलणं बंद आहे. वर्कशॉप बंद झाल्याचं आणि तिला दुसऱ्या शहरात चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळाल्याचं मला मित्राकडून कळलं. सायकलचं काय झालं ते कळलं नाही. मी विचारलंही नाही. माझी आहे, तर कुठे जाते, असं मला वाटत होतं.

तर आज भिंतीवर तिच्या हातची चाकं बघितली आणि माझं डोकं फिरलं. दुकानाचे मालक गल्ल्यावर होते. आमचं बोलणं पुढीलप्रमाणे झालं.

मी म्हणालो, "ही सायकल कुणाची?"

ते म्हणाले, "भिंतीची."

"खाली उतरवा."

"साहेब, कॉफी घेणार की भिंत?"

दुकानात बसलेले लोक हसले. मालकांनी गंमत केली होती, भांडण काढायचा त्यांचा विचार नव्हता, हे मला आता मान्य आहे. मी टेबलावर चढलो. पाना माझ्या खिशात असतोच. सायकल दोन बोल्टांवर टांगलेली होती आणि त्यासाठी फ्रेमच्या नळीला आरपार भोकं पाडलेली होती. चालवायच्या फ्रेमला भोक पाडणं म्हणजे ती कायमची संपवणं. ती भोकं बघितल्यावर मी काय ओरडलो ते तिथल्या लोकांनी सांगितलं असेलच. एक बोल्ट निघाला. दुसरा गंजलेला होता, म्हणून मी सायकल धरून हिसडा दिला. ती दुसऱ्या बोल्टासकट भिंतीतून उपटून आली, घसरली, आणि पुढचं चाक गल्ल्याच्या काचेवर आपटलं. काच फुटली. चाक वाकलं. माझा तळवा कापला, त्याला इथे आल्यावर पट्टी बांधली आहे. दुसऱ्या कोणाला लागलं नाही.

त्यानंतर मालकांनी मागचं चाक धरलं आणि मी पुढचं. दुकानाच्या दारात आमची ओढाओढ चालली होती. मी त्यांच्या कॉलरला हात घातला. मारलं नाही. मारायचं मनात होतं. गस्तीवरचे शिपाई आले आणि आम्हा तिघांना, म्हणजे मालक, मी आणि सायकल, इथे घेऊन आले.

फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून मी सांगितलं की ही सायकल माझी आहे, ती मला मास्तरांनी दिली होती, आणि माझ्या परस्पर विकण्यात आली. त्यावर मालक म्हणाले, "विकणारीने तर स्वतःची म्हणून दिली. चोरीचा माल गळ्यात मारला असेल तर माझी तक्रार तिच्यावर." फौजदारसाहेबांनी मास्तरांच्या मुलीला फोन लावला. तोपर्यंत तिच्यावर तक्रार होऊ शकते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी लगेच माझं म्हणणं मागे घेतो असं सांगितलं. फौजदारसाहेब म्हणाले, "इथे काय बाजार मांडलाय? घेतलं, परत केलं?"

ती आली. त्या कारखान्यातल्या कामावर जायला ती आजच निघाली होती, म्हणून खांद्याला प्रवासाची बॅग होती. तिने आधी माझ्या हाताची पट्टी बघितली, मग सायकल बघितली. मग मला म्हणाली, "भडक्या, तू फ्रेम बघितलीस का?"

मी म्हणालो, "चाकं बघितली."

"फ्रेम बघ."

मी बघितली. सोनेरी रंगाखाली साधी जाड नळी होती, दूधवाल्यांच्या सायकलला असते तशी. सीटमागे पितळी जोड नव्हता. मास्तरांची फ्रेम मी महिनोन् महिने हाताळली आहे, अंधारातही ओळखेन. तरी ओळखली नाही.

ती म्हणाली, "उतरवताना जड लागली नाही?"

"लागली. रागात होतो."

"कधी नसतोस?"

हवालदार हसले. ती हसली नाही. तिने फौजदारसाहेबांना सांगितलं की फ्रेम वर्कशॉपमधली भंगार होती, तिच्यावर ही चाकं चढवून तिने शोभेसाठी दुकानाला दिली. त्यात कोणाचं काही चोरलेलं नाही. मग मला म्हणाली, "बाबांची सायकल तुझ्या घरी आहे. मी स्वतः नेऊन दिली. तुझ्या आईने चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलीय. चादरीत काय आहे ते तुझ्या वडिलांना माहीत नाही असं तिला वाटतं. पलंग त्यांनीच उचलून धरला होता. एकदा घरी गेला असतास तर कळलं असतं."

मी विचारलं, "चाकांसकट?"

ती म्हणाली, "चाकांशिवाय. चाकं मी बांधली. ती माझी होती."

"मग भिंतीवर का दिलीस? कोणाच्या तरी सायकलला लावायचीस."

"लावली असती तर तू भर रस्त्यात माणसाला खाली ओढलं असतंस. भिंतीवर तरी सुरक्षित राहतील असं वाटलं होतं."

फौजदारसाहेबांनी मला विचारलं की, फ्रेम तुला द्यायची आणि चाकं काढून घ्यायची, याचा अर्थ काय? अर्थ मला कळला आहे. तो लिहायची गरज नाही.

यानंतर दुकानाचे मालक मवाळ झाले. फुटलेल्या काचेचं बघून घेऊ, तक्रार वाढवायची नाही, असं ते म्हणाले. सायकल तेवढी परत द्या, पुन्हा टांगतो. फौजदारसाहेबांनी चाक वाकल्याचं दाखवलं, तर मालक म्हणाले, "वाकडं तर वाकडं. भिंतीवर कुठे फिरणार आहे?"

मी म्हणालो, "वाकडं टांगायचं नाही."

फौजदारसाहेब म्हणाले, "अरे शहाण्या, तुला सोडतायत ते."

मी म्हणालो, "मला आत टाका. चाक असं लोकांसमोर टांगू देणार नाही."

ती इतका वेळ बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मग कर सरळ."

"मला चाकाचं काम येत नाही. ते तूच करायचीस."

"आणि पुढे कोण करणार? त्या पलंगाखालच्या फ्रेमला चाकं लागणारच आहेत ना? ती तुलाच बांधायचीत. मला गाडीला जायचंय. बस खाली."

तिने बॅगेतून आरे आवळायची चावी काढून मला दिली. फौजदारसाहेबांच्या परवानगीने व्हरांड्यात सायकल उलटी करून ठेवली. चाक फिरताना एका बाजूला झुकतं, त्याला आम्ही आऊट म्हणतो. आरे आवळून-सैल करून तो काढायचा असतो. चाक ज्यात बसतं त्या चिमट्याला हवालदारांची पेन्सिल टेकवून धरली आणि चाक फिरवलं. रिम पेन्सिलला घासली की तिथे थांबायचं. ती माझ्या मागे उभी राहून सांगत होती.

"डावा. पाव फेरा. पाव म्हणजे पाव, तुझा पाव नाही."

"आता?"

"फिरव. इथे. उजवा सोड थोडा. चाकाशी भांडू नकोस, ते तुझ्या वडिलांसारखं आहे, ओढलं की आणखी वाकडं जातं."

"आता?"

"अजून. शेजारचा घे. हळू."

तार गुंडाळलेल्या ठिकाणी माझं बोट लागत होतं. झाळलेलं एकही सुटलं नव्हतं. पट्टी ओली झाली होती, पण हात ठीक चालत होता. घासण्याचा आवाज कमी होत गेला. मी मान वर केली नाही, कारण पेन्सिलच्या टोकावरून नजर हलवली की जागा चुकते, असं तिनेच सांगितलं होतं. मी एक आरा आवळला, पुढचा सैल केला, पुन्हा फिरवलं. ती काही बोलली नाही. बरोबर चाललंय म्हणून बोलत नाही, असं मी धरून चाललो. आणखी काही आरे घेतले. मग विचारलं, "आता?"

हवालदार म्हणाले, "त्या मघाशीच गेल्या."

ती नक्की कधी गेली ते मला सांगता येणार नाही. तिने जाताना काही सांगितलं का, असं मी हवालदारांना विचारलं. त्यांनी सांगितलं की तिने तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली होती. चावी माझ्याकडे राहिली आहे.

मास्तरांच्या मुलीविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आधी केलेलं म्हणणं चुकीचं होतं. फुटलेली काच माझ्या हातून फुटली. दुकानाची सायकल दुकानाची आहे. ती टांगायच्या वेळी मला हजर राहू द्यावं, एवढी विनंती आहे. मला घ्यायला कोण येईल असं विचारल्यावरून वडिलांचा नंबर दिला. हवालदारांनी फोन केला. ते निघाले आहेत.

हे लिहिलेलं हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी ते थांबले, मी "पुढे वाचा" म्हणालो. सांगायचं होतं तेवढं यात आलं आहे आणि आलं आहे ते खरं आहे. चाकात अजून केसभर आऊट आहे.

सही