चार पॉइंट आठ

...चार! पाचातले चार तारे दिले, आणि वर मलाच इचारतो, "काय सुभेदार, खूश ना?" आवं, खूश कुठला! तुमाला सांगतो, अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली, पण असा दगा कुणी दिला न्हाई. आणि दिला कुणी? माझ्या सख्ख्या साडूनं! आप्पासो, विश्रामबागेतला रिटायर हेडमास्तर!

आता तुमी म्हणाल, चार काय वाईट हाय व्हय? मला बी तसंच वाटायचं. पण आमच्या सुलाबाईनं, म्हंजे मंडळीनं, कासच्या रस्त्याला माडीवरच्या दोन खोल्या पावण्यांना भाड्यानं द्यायला एका ॲपवर टाकल्या आणि माझं डोळं उघडलं. तिथं चांगल्या घरमालकाला बिल्ला मिळतो. वर्सात धा मुक्काम व्हायला पायजेत, मेसेजला दिवसाच्या आत उत्तर पायजे, बुकिंग घेतलं की शब्द फिरवायचा न्हाई, आणि ताऱ्यांची सरासरी किती? चार पॉइंट आठ! वर दर तीन म्हैन्याला इन्स्पेक्शन. आमच्या पलटणीत बी एवढी कडकाई न्हवती!

आणि ही बाई सातवी शिकलेली! भांगलताना मोबाईल वाजला की खुरपं खाली, हात पदराला पुसणार आणि इंग्लिशमधी टाईप करणार, "यस सर, हॉट वॉटर मॉर्निंग." मी बघतच ऱ्हातो गड्या!

तर डिसेंबरात धा रिव्ह्यू झालेले. आठ जणांचे पाच, दोघांचे चार. किती झालं? चार पॉइंट आठ! काठावर पास, आणि एक जानेवारीला निकाल. मी म्हटलं, एक पाच आपल्या माणसाचा घालून ठिवू. तिला न सांगता साडूला बुकिंग करायला लावलं. दोन दिवस ऱ्हायला, खरडा-भाकरी हाणली, आणि ॲपवर लिवलं, "असा पाहुणचार आयुष्यात लाभला नाही. कसलीही उणीव नाही." आणि तारे? चार!

लगीच फोन लावला. "आवं मास्तर, उणीव न्हाई तर एक तारा गेला कुठं?"

"सुभेदार, छत्तीस वर्षांत मी पैकीच्या पैकी कुणालाच दिले नाहीत. मुलं शेफारतात. चार म्हणजे डिस्टिंक्शन!"

डिस्टिंक्शन! आमी चार पॉइंट सातवर आलो की रं!

सुलाबाईला सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता लाटणं येतंय. पण न्हाई! तिनं बोटाची पेरं मोजली आणि म्हणाली, "आवं, ह्या एका चारची भरपाई करायला चौघांचे पाच लागत्यात. दिवस किती ऱ्हायले? आठ. उठा, चादरी वाळत घाला."

आणि काय सांगू तुमाला, ती जी पेटली! शिरवळच्या कंपनीतलं जोडपं आलं, त्यांचं बाळ रडायचं थांबंना, तर हिनं मऊ भात भरवून मांडीवर निजवलं. पाच! सांगलीचं म्हातारा-म्हातारी, त्यांना जिना चढवंना, आमची खोली दिली आणि आमी माडीवर. पाच! पुण्याची पोरगी लॅपटॉप घिऊन आली आन् लाईट गेली. शेजारच्या कृष्णातच्या इन्व्हर्टरवर बसवली. पाच! शेवटचा मुंबईचा सायेब, त्याला शांतता पायजे. आणि आमचा कोंबडा? तिनं कोंबड्याला पाटीत घालून वर फडकं बांधलं, पाटी माझ्या डोक्यावर दिली, "आणि मळ्यातच थांबा, तुमी बी लय बोलताय." दोन दिवस कोंबडा आणि मी मळ्यात!

एकतीस तारखेला दुपारी सायबाचे पाच पडले. चार पॉइंट आठ! दुसऱ्या दिवशी बिल्ला! खरं सांगतो, मला मेडल मिळालं तवा डोळ्यात पाणी न्हवतं आलं, पर तिचा तो बिल्ला बघून आलं.

आणि तिनं पैला फोन कुणाला लावला? साडूला! "दाजी, तुमी मनात आलं तेच मार्क दिलं, भीड धरली न्हाई. मार्चात परत या, ॲपवरनंच या."

तिकडनं आवाज, "येतो! आणि या खेपेला जरा कडक तपासतो."

...तवा मंडळी, कासला यायचं कुणाच्या मनात हाय का? हात वर करा की. चौघं तरी बघा... मार्च संपायच्या आत.