काटो मधीच जागो होता

—तसा नाय रे लवू, मीटराचो काटो कायमचो बंद नाय. कायमचो बंद आसतो तर मी आचऱ्यासून हय कसाल गावात तुझ्या गॅरेजात कित्याक इलंय असतंय? कधी चलता, कधी चलणा नाय, ताच दुखणा. आता येताना बघ — घराकडसून निघालंय तेव्हा काटो झोपलेलो, सरळ रस्त्याक झोपलेलो, मी आपली आरामात. वाटेत वळणा लागली आणि टुण्णकन उठलो, चाळीसार. माझ्या छातीत धस्स झाला. — स्पीडान नाय रे, माझो स्पीड चाळीसच आसता. काटो उठलो म्हणान धस्स झाला. ता ऱ्हवांदे, तू बॅटरी घेवन डॅशबोर्डाखाली शिर आणि बघ.

गाडी जुनी आसा, माका म्हायत आसा. आमच्या ह्येंनी घेतल्यानी तेव्हा नवी कोरी होती, आता रंगाचा नाव काढू नको. आमचे हे म्हंजे दत्तप्रसाद गुरुजी — तू वळखूचस नाय, तेंची शाळा आचऱ्यात. अर्ध्या गावाक पाढे शिकवल्यानी तेंनी. अजून गाडयेत बसताना मीटराचो आकडो मोठ्यान वाचतत, उतरताना परत वाचतत, आणि वजाबाकी तोंडी. 'आज एवढे झाले हं, सुगंधा.' खंय लिवन ठेवणत नाय, सगळा डोक्यात. झोपेत उठवन परवाचो आकडो विचार, सांगतीत. — तेंच्या हातात? तेंच्या हातात काटो कसो सुतासारखो चलता. एकदाव थांबूक नाय. म्हणान तर तेंका ह्यातला काय म्हायतच नाय.

असो बघू नको माझ्याकडे. आचऱ्यात गॅरेज आसा, शिवाचा, बरो मेकॅनिक आसा — पण तो ह्येंचो विद्यार्थी. माझी गाडी तेच्या दारात थांबाच्या आदी ह्येंका फोन गेलो असतो. हय माका कोण वळखणा नाय. आणि लायसन आसा हां माझा, दाखवू? मालवणाक अक्षया म्हणान एक चेडू क्लास चलयता, थय शिकलंय. घरात काय सांगलंय? लोणच्यांचो क्लास. मगे बाजारातसून बरणी घेवन घराक. 'तुझ्या हाताला चव आली आता,' म्हणाले. — आदी तेंनीच शिकवूक घेतलेल्यानी रे. पयल्याच दिवशी मी गाडी माडाच्या आळ्यात घातलंय. हे खाली उतरले, माझ्या बाजूचो दरवाजो उघडलो आणि म्हणतत, 'सुगंधा, काही गोष्टी आपल्यासाठी नसतात.' रागान म्हटल्यानी असता तर मी इसारलंय असतंय. प्रेमान म्हटल्यानी, म्हणान लागला.

तर बुधवारी हे एसटीन मालवणाक जातत, पेन्शनवाल्यांची बैठक आसता, म्हंजे चाय आणि भजी आणि कोणाक काय झाला तेची चवकशी. ते तिकडे गेले काय मी कुणकेश्वराक. देवाक हात जोडतंय, मगे गाडी दर्याच्या तोंडाक लावतंय, काच खाली करतंय आणि बसतंय. — काय करतंय? काय एक करणंय नाय. कोणाची चाय नाय, कोणाचो चष्मो गावणा नाय म्हणान हाक नाय. साठीक इलंय रे मी, पण 'आता हय वळूया' असा मनात इला आणि वळलंय, असा आयुष्यात पयल्यांदाच झाला. इतक्या बरा वाटता काय कधी कधी रडूक येता.

— किलोमीटर? हां, ता तू विचारतलंसच. काटो झोपलो काय आकडेव झोपतत. दोघांची केबल एकच, तूच आता म्हणालंस मा. माका वाटला देवच पाठीशी आसा. गणपतीपासून मी खंय खंय जावन इलंय आणि मीटर सांगता गाडी मांगराच्या छपराखालीच उभी.

काय काढलंस ता — सांभाळून, सांभाळून, हात फुसलंस? रखवालीचो नारळ तो. देवळात गाऱ्हाणा घालून घेतलेलो, बायेक सुखरूप ने आणि सुखरूप हाड म्हणान. निघताना लाल फडक्यात बांधून डॅशबोर्डाखाली तारांच्या मागे ठेवतंय, घराक इलंय काय तांदळाच्या डब्यात. गाडयेत ह्येंका दिसलो तर विचारतीत मा, कोणाच्या रखवालीचो? — काय म्हणतंस? केबलीर बसता? केबलीची पकड मोडलेली, नारळाच्या वजनान तेचा टोक मीटरातसून निसटता, आणि नारळ काढलो काय परत जाग्यार? अगो बाय. म्हणान ह्येंच्या हातात चलता. आणि शिमग्यात मी तो बदललंय, आदलो मोठो होतो, हाललोच नाय कधी. ह्यो बारको. वळणार गडगडता. गडगडलो काय काटो जागो.

जुळला रे सगळा. मागच्या बुधवारी असोच जागो झालो, आणि आकडेव थोडे फुडे गेले. सकाळी ह्येंनी वाचल्यानी. थांबले. परत वाचल्यानी. 'वजाबाकी चुकली वाटतं माझी.' लवू, तेंची वजाबाकी आजपर्यंत चुकूक नाय. दिसभर पाढे घोकीत होते. जेवताना माका म्हणतत, 'वडिलांचं असंच सुरू झालं होतं गं.' मामंजी शेवटाक घरातल्यांची नावा इसारलेले, चार दाणे भात खायत आणि माका विचारीत, तू कोणाची? — आणि मी काय केलंय? मी तेंका भात वाढलंय. वर म्हटलंय, वय झाला तुमचा. असा म्हटलंय मी.

— पकड नवी घालू काय केबल काढून ठेवू, असा विचारतंस? काढून ठेव म्हणान सांगूकच इलंय रे, खरा सांगतंय. सगळ्या वाटेर मनात ताच घोकीत इलंय. काटो कायमचो झोपवन टाक, आकडे गप्प, माझो बुधवार माझ्याकडे.

पण ते आता उद्या सकाळी परत वाचतीत. आणि परत पाढे घोकीत बसतीत.

नवी घाल. हो, नवी. घट्ट बसव. हयसून आचऱ्यापर्यंतचो एक एक किलोमीटर लागांदे मीटराक. संध्याकाळी हे एसटीतसून उतरले काय मीच तेंका गाडयेकडे नेतंय, वाचा म्हणतंय. वाचतीत, थांबतीत, परत वाचतीत. मगे सांगान, वजाबाकी बरोबर आसा तुमची, डोक्या तुमचा शाबूत आसा — हे किलोमीटर माझे आसत. — रागावतीत? रागावांदेत. बुधवार मी सोडूचंय नाय. व्हया तर बाजूक बसा म्हणान, काच खाली करा आणि बसा.

झाला? बरा. आता गाडी मागे घेतंय, वाटेतसून बाजूक हो. — नको, मागसून हात दाखवू नको. माका दिसता.