मोरेश्वरच्या प्रोग्रॅममधली माझी ओळ

हसा लेको, पण सातवी नापास असून मी कॉम्प्युटरच्या सी भाषेत एक ओळ लिहिलीय. ती मोरेश्वरला महागात पडली.

माकुणसारचा मोरेश्वर बोईसरला आमच्या कारखान्यात टेंपररी होता, मी ऑपरेटर. त्यानं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, लिहिलं होतं. त्याला टाकीच्या तापमानाची मर्यादा दिली, की ते दुसरं छोटं फंक्शन तयार करून द्यायचं. त्या छोट्यानं मर्यादा लक्षात ठेवायची आणि टाकी तापली की भोंगा वाजवायचा. साहेबांना पटलं, तर मोरेश्वर पर्मनंट होणार होता.

साहेब यायच्या आधी तो हात धुवायला गेला. त्यानंच शिकवलं होतं तशी मी मधे एक ओळ घुसडली, ‘राम राम साहेब, मोऱ्याला पर्मनंट करा!’

साहेबांसमोर ती स्क्रीनवर उमटली. साहेब हसलेसुद्धा. पण लगेच थंडगार टाकीसाठी भोंगा सुरू झाला, तो थांबेचना.

मोरेश्वरनं कोड पाहिला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, “दादा, मी मर्यादेचा आकडा द्यायच्या ऐवजी त्याची मेमरीतली जागा दिली. फंक्शन संपलं की ती जागा मोकळी होते. आजवर तिथं कोण बसलं नाय, म्हणून चाललं. आज तुमची ओळ बसली न् मर्यादाच बिघडली.”

“ही ओळ कोणी घातली?” साहेब गरजले.

“मीच, साहेब,” मोरेश्वर म्हणाला.

मोरेश्वर पर्मनंट झाला नाही. मी तिथंच उभा होतो, आणि सगळ्यांची टर उडवणारं माझं तोंड तेव्हा उघडलंच नाही.